वीतभर श्वास

थांबासाहेबांचं खरं नाव स्टुडिओत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं तेही ते वापरत नसत. चौतीस वर्षं ते काचेच्या मागे बसून गाणी ध्वनिमुद्रित करत राहिले, आणि काचेच्या पलीकडे बसलेल्या वादकांना स्पीकरमधून त्यांचा एकच शब्द ऐकू यायचा. "थांबा." कधी व्हायोलिन उतरलेलं असायचं, कधी एखादी खुर्ची करकरायची, कधी बासरीवाल्याला शिंक यायची. चूक कुठलीही असो, शब्द तोच. पुढे लग्नाच्या पत्रिकाही 'श्री. व सौ. थांबासाहेब' अशाच येऊ लागल्या. पहिल्यांदा त्यांच्या बायकोला राग आला. मग तिनेही नाद सोडला.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा ते निवृत्तीला टेकलेच होते. त्या जागेत आधी गोदाम झालं, मग गाद्यांचं दुकान. थांबासाहेब एकदा बायकोबरोबर तिथे गादी घ्यायला गेले, दालनाच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणाले, "आमच्या वेळेपेक्षा आता इथे आवाज चांगला लागतो. गाद्या घुमू देत नाहीत." दुकानदाराने त्यांना दुसरी गादी दाखवली.

स्टुडिओतलं मोठं टेप मशीन भंगारात जाणार होतं, ते त्यांनी घरी आणलं. कपडे धुण्याच्या यंत्राएवढं धूड ते. चार माणसं लागली आणि जिन्याच्या कठड्याची दोन लाकडं गेली. बायकोने पहिल्याच आठवड्यात त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ते इस्त्रीचं टेबल म्हणूनच घरात नांदत होतं.

त्यांची मुलगी त्याच धंद्यात होती, पण तिच्या धंद्यात एकही वस्तू जड नव्हती. आपल्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीला आतून स्पंज लावून ती तिथे पुस्तकांची वाचनं आणि जाहिराती लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची. थांबासाहेब आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाऊन मागच्या खुर्चीत बसत. पडद्यावर आवाजाची जी रेघ सरकायची ती त्यांना केसाळ सुरवंटासारखी वाटे.

"तू कानाने ऐकतच नाहीस," ते म्हणायचे. "डोळ्याने ऐकतेस."

"आणि बाबा, तुम्ही हाताने ऐकायचात," ती म्हणायची. ते खरं होतं. टेप हाताने मागेपुढे फिरवूनच ते कापायची जागा शोधायचे.

एका सकाळी रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन आला. वय पस्तिशीचं असेल, पण जुन्या काळाबद्दल असा गहिवरून बोलत होता की जणू त्याची सगळी हयात तिथेच गेली. सगळे नुसतं 'बाई' म्हणत त्या गायिकेच्या एका गाण्याला चाळीस वर्षं पुरी होत होती. कंपनी ते नव्याने काढणार होती. मूळ टेप सापडली होती. ती त्याच जागेत, त्याच मशीनवर, त्याच माणसाच्या हातून वाजवायची, समोर बाईंना बसवायचं आणि सगळ्याची फिल्म करायची, असा बेत होता.

"सर, त्या आवाजात जी ऊब होती ना, ती आता कुठे मिळत नाही," तो म्हणाला.

"ऊब?" थांबासाहेब म्हणाले. "मशीन तापायचं. त्यासाठी आम्ही पंखा लावला होता."

"आणि ती मागची खरखर!"

"ती काढण्यात माझी चौतीस वर्षं गेली."

कंपनीचा माणूस खूप हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोदी आहे.

ज्या गाण्याबद्दल हे चाललं होतं त्याची कीर्ती फार मोठी होती, आणि ती गाण्यातल्या एकाच ओळीवर उभी होती. शेवटच्या कडव्यात ताल थांबतो, मागे नुसता एक सूर धरलेला राहतो, आणि बाई एक ओळ एका श्वासात एकवीस सेकंद गातात. गाण्याचे शिक्षक ती ओळ विद्यार्थ्यांना घड्याळ लावून म्हणायला लावत. एका स्पर्धेत एक मुलगी अठराव्या सेकंदाला चक्कर येऊन पडली होती, आणि परीक्षकांनी तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं होतं. बाईंनी ते गाणं एका दमात, एकही चूक न करता गायलं, असं पुस्तकातसुद्धा छापून आलं होतं. थांबासाहेबांनी ते वाचलं होतं. वाचून चष्मा काढून ठेवला होता, इतकंच.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. गाद्या भिंतीकडेला उभ्या केल्या होत्या, दोन-तीन मध्येच पलंगांवर होत्या. इस्त्रीचे कपडे खाली उतरवून मशीन आणलं होतं. पुन्हा चार माणसं, पुन्हा जिन्याचा कठडा. मुलगी एका स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, टेपमधून येणारा आवाज उतरवून घ्यायला. बाई आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, ताठ, हातात पाण्याची बाटली. त्यांनी भोवताली पाहिलं.

"मी कुठे उभी राहायचे?"

"ती दुपदरी गादी आहे ना, तिथे," थांबासाहेब म्हणाले.

बाई त्या गादीजवळ जाऊन क्षणभर उभ्या राहिल्या. कंपनीच्या माणसाने डोळे टिपले आणि कॅमेरावाल्याला खूण केली.

"सर, त्या दिवसांचं सगळ्यात जास्त काय आठवतं?" त्याने विचारलं.

"उकाडा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखे बंद ठेवावे लागत. एक ढोलकवाला दोनदा बेशुद्ध पडला होता. आणि संडासाची भिंत या दालनाला लागून होती. तीन गाजलेल्या गाण्यांत नीट ऐकलं तर कुणीतरी साखळी ओढल्याचं ऐकू येतं."

"आणखी काही? म्हणजे, मनाला भिडणारं?"

थांबासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "टेप सुरू केली की ती नीट वेग धरेपर्यंत काही सेकंद जायचे," ते म्हणाले. "तेवढ्यात इथे चाळीस माणसं एकाच वेळी गप्प बसायची. भांडखोर, तापट, एकमेकांचं तोंड न बघणारी. सगळी गप्प. ते मला आवडायचं. आता एकेक माणूस वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं वाजवून जातो. गप्प बसायला कुणी लागतच नाही."

मुलीने लॅपटॉपवरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

मग डबा उघडला. थांबासाहेबांनी टेपचं रीळ उजेडात धरलं, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रिळाच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या. ते जोड होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच टेप तिरपी कापून चिकटपट्टीने केलेले.

"आधी मी एकटा वाजवून बघतो," ते म्हणाले. "कॅमेरा नंतर."

"छे, सर! तो पहिला क्षणच तर हवाय."

काय करणार? त्यांनी टेप लावली, बटण दाबलं. वाद्यं सुरू झाली आणि कोणी काही म्हणायच्या आत बाईंचा एकतीस वर्षांचा आवाज गाद्यांच्या दुकानात उभा राहिला. बाईंनी डोळे मिटले. पहिलं कडवं सरलं. पहिला जोड सुखरूप गेला, दुसराही गेला. तिसऱ्याला फट् असा आवाज झाला, टेप तुटली आणि सुटलेलं टोक रिळाबरोबर गरागरा फिरत फटफटत राहिलं. थांबासाहेबांनी मशीन बंद केलं, तर ब्रेकच्या हिसक्याने चौथा जोड सुटला. त्यांनी सुटलेली टेप हातात उचलली तेव्हा पाचवा आणि सहावा सुटला. चिकटपट्टीचा डिंक चाळीस वर्षांत पापडासारखा वाळून गेला होता. ते जितकं सावरायला जात होते तितके तुकडे पडत होते. शेवटी ते हात वर करून नुसते उभे राहिले, आणि एका दमात गायलेलं गाणं त्यांच्या पायाशी तुकडे तुकडे होऊन पडलं.

कॅमेरा चालूच होता.

"हे... एका दमात गायलेलं आहे ना?" कंपनीचा माणूस म्हणाला.

"हो," थांबासाहेब म्हणाले. "नऊ वेळा."

बाई जवळ आल्या आणि बोटाने तुकडे मोजू लागल्या. रिळावरचे धरून चौदा भरले.

"नवव्या वेळी मी म्हटलं होतं, हेच ठेवा."

"ठेवलं की. बरंचसं."

"उरलेलं?"

"पहिलं कडवं सातव्या वेळचं. संगीतकार म्हणाले, बाईंना काही बोलू नका, पण काहीतरी करा. तुम्ही जेवायला गेला होतात. मी केलं."

बाई यावर रागावल्या नाहीत. गाणाऱ्यांना एवढं कळतं. त्यांनी फक्त मान हलवली. मग त्या वाकल्या आणि रिळाच्या अगदी शेवटाजवळच्या एका जोडावर बोट ठेवलं.

"हा कुठला? इथे तर ती लांब ओळ येते. तिथे जोड कसा?"

थांबासाहेबांना खोटं बोलता येत नसे. आयुष्यभर जे बोलायचं ते ब्लेडने बोलून झालं होतं, तोंडाला सवयच नव्हती. ते मुलीकडे बघू लागले. मुलगी लॅपटॉपकडे बघू लागली.

"तिथे तुम्ही श्वास घेतला होता," ते म्हणाले. "मी तो काढला."

कंपनीच्या माणसाने कॅमेरा बंद करायला सांगितलं. बाई मधल्या दुपदरी गादीवर जाऊन बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. कुणीतरी कागदी पेल्यांतून चहा आणला. थांबासाहेब दोन पेले घेऊन त्यांच्या शेजारी बसले. ते बसले तशा बाई किंचित वर आल्या.

"केवढा होता?" बाईंनी विचारलं.

थांबासाहेबांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "वीतभर. टेप सेकंदाला जवळजवळ हातभर पळायची. अर्ध्या सेकंदाचा श्वास, म्हणजे वीत."

"आणि तो कुठे गेला?"

"केराच्या डब्यात."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला ठाऊक आहे, मी चाळीस वर्षं रोज सकाळी बादलीभर पाण्यात तोंड बुडवून श्वास मोजते? डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, फुप्फुसं घोड्यासारखी आहेत. तरी सतरा सेकंदांच्या पुढे एकदाही गेले नाही. प्रत्येक कार्यक्रमात लोक घड्याळ घेऊन बसायचे. शेवटी बावन्नाव्या वर्षी ते गाणंच सोडलं. सांगितलं, आता कंटाळा आला. खरं म्हणजे मला वाटलं, माझ्याकडचं काहीतरी गेलं."

"ते नव्हतंच, बाई."

"ते मला आज कळतंय, थांबासाहेब! सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. श्वास तुम्हीच घेतला होता."

"घेतलेला श्वास कुणाला आठवतो?"

थांबासाहेबांनी पेला खाली ठेवला. आपल्या हातच्या कामाबद्दल त्यांना कधी लाज वाटली नव्हती. जोड कुणाला कळला नाही, म्हणजे काम चोख झालं, एवढाच त्यांचा हिशेब. आता त्यांना वाटलं, चौतीस वर्षांत आपण किती जणांचे श्वास, खोकले, अडखळणं कापून डब्यात टाकलं असेल. पोतं भरेल. आणि ती सगळी माणसं घरी जाऊन आपलंच गाणं ऐकत बसली असतील, आणि दुसऱ्या दिवशी तसं गाता येईना म्हणून झुरत राहिली असतील.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायकोलासुद्धा फार वेळा ऐकवलं नव्हतं.

बाईंनी रिकामा पेला त्यांच्या हातात दिला आणि गादीवरून खाली उतरल्या.

"तो परत लावा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"श्वास."

कंपनीचा माणूस धावत आला. "बाई, नको! ते ओरिजिनल आहे. ओरिजिनलला हात लावायचा नसतो."

"ओरिजिनल जमिनीवर पडलंय," मुलगी म्हणाली. "तुमचा पाय आहे त्यावर."

त्याने पाय उचलला.

"पण तो श्वास राहिला कुठे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या. "हवे तितके."

थांबासाहेबांनी मशीनबरोबर आणलेल्या पेटीतून एक कोरी टेप काढून चढवली. बाई कॅमेरावाल्याच्या मायक्रोफोनसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या वेळी श्वासाबरोबर पेल्याचा आवाज आला. दुसऱ्या वेळी श्वास फार नाटकी झाला, जणू भूत दिसलं. तिसरा म्हाताऱ्या माणसाचा आला, शिट्टीसारखा. चौथ्याला कंपनीच्या माणसाचा फोन वाजला. थांबासाहेबांनी काच नसतानाही हात वर करून "थांबा" म्हटलं, आणि दुकानातले सगळे थांबले. दहाव्या वेळी बाई वैतागल्या. "अहो, श्वास घ्यायचा आहे, फाशी नाही. आयुष्यभर घेतेय, आता का जमत नाही?"

"लक्ष देऊ नका त्याच्याकडे," मुलगी म्हणाली. "ती ओळ मनात म्हणा. जिथे लागेल तिथे घ्या."

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आणि मग मध्येच, त्यांचं त्यांनाही कळायच्या आत, श्वास आला. मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली.

जोड करायला थांबासाहेब बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ब्लेड आता नेमक्या जागी टेकत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग उठून मुलीला म्हणाले, "बस इथे. डोळे मीट."

"बाबा, मला दोन मिनिटांत लॅपटॉपवर करता येईल."

"ते तर येईलच. बस."

ती बसली. तिचे हात त्यांनी दोन्ही रिळांवर ठेवले आणि टेप हळूहळू मागेपुढे करायला लावली. स्पीकरमधून श्वास ताणून ताणून यायला लागला, अस्वल घोरल्यासारखा. पुढे, मागे. "कुठे सुरू होतो तो?" त्यांनी विचारलं. मुलगी बराच वेळ रीळ फिरवत राहिली. मग थबकली आणि म्हणाली, "इथे." थांबासाहेबांनी वाकून कान दिला. तिने धरलेली जागा त्यांनी धरली असती त्याहून केसभर आधीची होती. आणि तीच बरोबर होती. ते तसं बोलले नाहीत. पिवळ्या पेन्सिलने तिथे खूण केली आणि ब्लेड तिच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सगळे चौदा तुकडे परत जोडले. त्यात ती वीतभर टेप धरून पंधरा झाले. बाई गादीवर बसून प्रत्येक तुकडा ऐकत होत्या आणि हा कितव्या वेळचा हे ओळखत होत्या. दोनदा चुकल्या, बाकी बरोबर. शेवटी गाणं अखंड वाजलं आणि मुलीने ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं. लांब ओळ आली, तेराव्या सेकंदाला एक छोटासा श्वास ऐकू आला, आणि ओळ पुढे गेली. कंपनीच्या माणसाने मात्र तोंड असं केलं, जणू कुणीतरी त्याच्या घरची भिंत पाडली.

तरी ते गाणं तसंच निघालं, कारण बाईंनी त्याशिवाय करारावर सही करायला नकार दिला. फिल्म निघाली नाही.

आठवड्याभरात वर्तमानपत्रांतून पत्रं यायला लागली. एका जाणकाराने लिहिलं की नव्या डिजिटल पद्धतीने या अजोड गाण्याची वाट लावली आहे. त्या अमर ओळीत संगणकाने एक श्वास घुसवला आहे, आणि मूळ टेपमधली ऊब नाहीशी झाली आहे. दुसऱ्याने लिहिलं की यंत्राला मानवी श्वासाचं मोल काय कळणार. मुलीने दोन्ही पत्रं बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"खुलासा पाठवायचा का?" तिने विचारलं.

"कशाला? जोड चांगला झालाय तुझा. यंत्राने केला असं वाटतंय त्यांना."

महिन्याने बाईंनी एका छोट्या सभागृहात कार्यक्रम केला आणि एकोणीस वर्षांनी ते गाणं गायल्या. पुढच्या रांगेत शिक्षक मंडळी होती, काहींच्या हातात घड्याळं होती. लांब ओळ आली. बाई गात गेल्या, मध्येच थांबल्या, सगळ्या सभागृहाला ऐकू येईल असा छान भरून श्वास घेतला, आणि उरलेली ओळ इतकी मोकळी गायल्या की थांबासाहेबांच्या बायकोने त्यांचा हात धरला. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने घड्याळ पर्समध्ये ठेवलं. दुसरे एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मुलीला फोन केला. तीन नवी गाणी रेकॉर्ड करायची होती. तिच्याच खोलीत, लॅपटॉपवर, बसून, एकेक ओळ करत. मंगळवार चालेल का, असं मुलीने विचारलं. मंगळवारी दातांचे डॉक्टर आहेत, असं बाई म्हणाल्या. मग बुधवार ठरला. थांबासाहेबांनीही यावं, पण मागच्या खुर्चीत बसावं आणि काहीही कापू नये, असा निरोप होता.

थांबासाहेबांनी तो ऐकला आणि कॅलेंडरवर बुधवारभोवती गोल केला.